रोज एक फोटो आणि बावखलाच्या पायऱ्या



आज माइकसमोर आम्ही तिघी जावा बसलो आहोत. थोरली, मधली आणि धाकटी. भाषण तिघींनी मिळून लिहिलंय, वाचतेय मात्र धाकटी, कारण चष्म्याशिवाय तिलाच दिसतं. मध्येच कुणी हसलं किंवा 'असं नव्हतं गं' म्हणालं, तर समजून घ्या.

विरार पश्चिमेला आगाशीपासून निर्मळपर्यंत वाड्यांचा जो पट्टा आहे, त्यात आमचं घर. पुढे अंगण, मागे केळी आणि माड, एका कडेला मोगरा आणि सोनचाफा, आणि वाडीच्या सखल कोपऱ्यात बावखल. आज बोलायचं आहे ते फोटोंबद्दल. पण हे फोटो शेवटी त्या बावखलापाशीच येऊन थांबले, म्हणून त्याचं नाव आधीच सांगून ठेवतो.

झालं असं, की थोरलीची मुलगी नोकरीसाठी टोरंटोला गेली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, "आई, काकी, मला रोज एक फोटो पाठवा. सणाचा नको, नटूनथटून नको. घरात त्या दिवशी जे दिसेल त्याचा." आम्ही हसलो. घरात काय दिसणार? चूल, झाडू, कोंबडी. ती म्हणाली, "तेच पाठवा." मृग लागला त्या आठवड्यात आम्ही सुरुवात केली. पाळी ठरवली. आज थोरली, उद्या मधली, परवा धाकटी. वर्षभरात तीनशेच्या वर फोटो झाले. त्यातले थोडे आज तुम्हाला दाखवतो. रेडिओवर फोटो दिसत नाही, म्हणून सांगून दाखवतो.

पहिला फोटो पावसाचा. पागोळ्यांखाली ओळीने मांडलेली भांडी. नळाला आता सूर्या धरणाचं पाणी येतं, तरी पहिल्या चार पावसांनंतर पागोळीचं पाणी धरायची सासूबाईंची सवय काही सुटत नाही. त्यांना आम्ही आईच म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. फोटोत त्यांचा फक्त हात आलाय, कळशी सरळ करणारा. मुलीने तिकडून लिहिलं, "आजीचा हात बघून रडू आलं." आम्हाला कळेना, हातात रडण्यासारखं काय आहे. मग आम्हीही फोटो मोठा करून पाहिला. मधल्या बोटाला जुना व्रण आहे. तो कशाचा, हे तिघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. एका घरात आमची पंचवीस-तीस वर्षं गेली आणि कुणी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं. त्या म्हणाल्या, "रहाटात सापडलं होतं बोट. नवी नवरी होते."

तिथून रहाटाची गोष्ट निघाली. आमच्या बावखलावर तेव्हा रहाट होता. बैल गोल फिरायचा, माळेला बांधलेले डबे पाण्यात बुडून वर यायचे आणि पाटात रिकामे व्हायचे. ते पाणी नागवेलीला, केळीला, भाजीला. पहाटेच्या वेळी शेजारच्या चार वाड्यांतले रहाट एकदम कुरकुरायचे. आईंना आवाजावरून कळायचं कुणाचा बैल कामाला लागला आणि कोण अजून झोपलंय. पुढे मोटारपंप आले, बैल गेले, रहाट मोडले. आमच्या रहाटाचं एक लाकडी चाक गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे. त्याचाही फोटो आमच्यात आहे, कोंबडी बसलेला.

दुसरा फोटो प्रवासाचा. पहाटेची लोकल, लगेजचा डबा, मोगऱ्याच्या ओल्या फडक्यात बांधलेल्या टोपल्या, आणि त्यांच्यामध्ये खाली बसून डुलकी काढणारी आमची मधली. मोगऱ्याच्या हंगामात ती आठवड्यातून तीनदा दादरच्या फूलबाजारात जाते. कळ्या रात्रीच खुडायच्या, कारण फुललेल्या मोगऱ्याला बाजारात किंमत नाही. बॅटरी कपाळाला बांधून खुडतो आम्ही. ती फुलं दादरला उतरेपर्यंत मिटलेली राहिली पाहिजेत, म्हणून फडकं ओलं, पण भिजलेलं नाही. जास्त पाणी झालं तर कळी काळी पडते. हे मधलीला आईंनी शिकवलं, आईंना त्यांच्या सासूबाईंनी.

आपल्या या गाडीचा इतिहास मोठा आहे बरं का. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली ती 12 एप्रिल 1867 रोजी. आणि बायकांसाठी वेगळी गाडी, आपली लेडीज स्पेशल, 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली सुरू झाली आणि 1993 मध्ये विरारपर्यंत आली. त्या आधी आणि नंतरही आपल्या वसईच्या बायका भाजीच्या, फुलांच्या, केळीच्या टोपल्या घेऊन मुंबई गाठत होत्याच. लाल लुगडं नेसलेली कुपारी मावशी, नऊवारीतली वाडवळीण, मासळीची पाटी घेतलेली अर्नाळ्याची कोळीण. एका डब्यात तिघी. भांडायच्या जागेसाठी आणि उतरताना एकमेकींची टोपली डोक्यावर चढवून द्यायच्या. मधली सांगते, अजूनही तसंच आहे. फक्त आता सगळ्यांच्या कानात इअरफोन.

तिसरा फोटो दिवाळीनंतरचा. अंगणात बांबूचा मांडव, त्यावर चटई, चटईवर ओळीने मांडलेली सोललेली केळी. सुकेळी! ऐकणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल. ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सुकेळी कोणत्याही केळ्याची होत नाहीत. त्याला राजेळी केळं लागतं, लांब आणि भरदार. घड पेंढ्यात उबेला ठेवून पिकवायचे. साल नुसतं पिवळं होऊन चालत नाही, आतून नीट गोड व्हायला हवं. मग सोलून उन्हात मांडायचं. रोज उलटायचं. उन्हं उतरली की आत आणून झाकायचं, सकाळी पुन्हा बाहेर. वर जाळी, माशी बसू द्यायची नाही. आठवडाभर असं चाललं की केळं आकसतं, मधासारखा रंग येतो, गोडी आतून वर येते. साखर नाही, तेल नाही, फक्त ऊन. शेवटी वाळलेल्या केळीच्या पानात गुंडाळून बांधायचं.

या कामात अंदाज फार लागतो. ढग आले तर धावत जाऊन गोळा करायचं. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावरही अवेळी सर आली आणि एक अख्खा मांडव भिजला. बुरशी धरली. सगळं गाईला घालावं लागलं. त्या दिवशी फोटोची पाळी थोरलीची होती. तिने भिजलेल्या चटईचाच फोटो काढला. मुलीला लिहिलं, "आज हे असं झालं." आम्हाला वाटलं, वाईट फोटो कशाला पाठवायचा. पण तिने तोच जपून ठेवलाय. म्हणते, "चांगलंच तेवढं पाठवलं असतं, तर मला तुमचं खरं वाटलं नसतं."

राजेळी लावणारे आता कमी झाले. जागा लागते, पाणी लागतं, आणि वाळवायला मोकळं अंगण लागतं. अंगणावर इमारतीची सावली पडली की सुकेळी संपली. आमच्या ओळखीच्या दोन घरांत ती अशीच संपली.

चौथा फोटो घरापासून लांबचा. पौष महिन्यात आम्ही नाशिकला एका लग्नाला गेलो होतो. गोदावरीच्या काठी नारोशंकराचं देऊळ पाहायला गेलो. तिथे दर्शनी भिंतीवर मोठी घंटा टांगलेली आहे. एका जाणत्या माणसाने सांगितलं, "ही तुमच्या वसईची. चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला तेव्हाची." आम्ही तिघी बघतच राहिलो. मे 1739 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा मग ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या, भीमाशंकरलाही एक आहे. पण पुस्तकातली गोष्ट अशी डोक्यावर टांगलेली दिसली की वेगळंच वाटतं. तिथले लोक सांगतात, गोदावरीचा मोठा पूर घंटेपर्यंत चढला की ती वाजू लागते. धाकटी पटकन म्हणाली, "आपल्याकडे पूर आला तर वाजायला काय आहे?" थोरली म्हणाली, "बावखलाच्या पायऱ्या आहेत ना, त्या मोजायच्या." तेव्हा ती गंमतच होती.

आता त्या पायऱ्यांकडे येतो.

बावखल म्हणजे काय, हे नव्या वस्तीतल्या मैत्रिणींना माहीत नसेल. वाडीच्या सखल भागात पूर्वजांनी खणलेलं तळं. खणलेली माती वाफ्यांवर घालून जमीन उंच केली आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साठवलं. इथून समुद्र हाकेच्या अंतरावर. जमिनीखाली गोडं पाणी आणि खारं पाणी शेजारी शेजारी असतं. वरून गोडं पाणी मुरत राहिलं, तर त्याच्या वजनाने खारं पाणी मागे दबून राहतं. गोड्या पाण्याचा उपसा वाढला आणि मुरणं थांबलं, की खारं पाणी पुढे सरकतं आणि विहिरी मचूळ होतात. म्हणजे बावखल हे नुसतं साठवण नव्हे, शेजारच्या विहिरीचं ते राखणदार असतं.

आमच्या बावखलाला एका बाजूने दगडी पायऱ्या आहेत. अकरा. तीनशे फोटोंत त्यांचा मुद्दाम काढलेला एकही नव्हता. पण खंड्या बसला म्हणून काढलेला फोटो, पाणकोंबडी पिल्लं घेऊन निघाली म्हणून काढलेला, धाकटी गोधडी धूत होती तो, शेजारचा मुलगा गळ टाकून बसला होता तो, असे कितीतरी. मागे पायऱ्या आपोआप आल्या होत्या.

गुढीपाडव्याच्या सुमारास घरात विषय निघाला. मधलीच्या मुलाचं लग्न ठरलंय. घरात जागा नाही, हे खरं आहे. त्या दोघांनी राहायचं कुठे? नालासोपाऱ्यात फ्लॅटचे भाव ऐकले तर छाती दडपते. तेव्हा दिरांनी सुचवलं की बावखल बुजवू. कुणी वापरत नाही, डास होतात, नातवंडं पडतील म्हणून जीव टांगणीला. भराव घातला की चार खोल्या निघतील. भराव टाकणारा माणूसही तयार होता. दोन दिवसांत काम, म्हणाला.

आम्हा तिघींतही एकमत नव्हतं, हे इथे स्पष्ट सांगतो. मधलीला बुजवायला हवं होतं. ती म्हणाली, "पाणकोंबडी बघायला छान आहे, पण माझ्या सुनेला मी पाणकोंबडीच्या घरट्यात ठेवू का?" यावर काय बोलणार? थोरलीला बुजवायचं नव्हतं, पण तिची मुलगी परदेशात, तिला जागेची अडचण नाही. मग तिने बोलावं कोणत्या तोंडाने? आठ दिवस स्वयंपाकघरात भांड्यांचाच आवाज होता. फोटो मात्र रोज जात होता. त्या आठवड्यातले सगळे फोटो झाडांचे आहेत. माणूस एकाही फोटोत नाही. हे टोरंटोला ओळखलं गेलं. तिने विचारलं, "काय झालंय घरात?"

सांगितल्यावर तिने एक काम केलं. वर्षभराच्या फोटोंतले ज्यात पायऱ्या दिसतात तेवढे वेगळे काढले, तारखेप्रमाणे लावले आणि परत आम्हालाच पाठवले. श्रावणात एकही पायरी दिसत नव्हती. दिवाळीत तीन मोकळ्या झाल्या होत्या. संक्रांतीला पाच. पाडव्याला सात. आणि सातव्या पायरीखाली अजून पाणी होतं, भर चैत्रात. खाली तिने एवढंच लिहिलं होतं, "आपल्या विहिरीचं पाणी या दिवसांत कसं लागतं? आणि पलीकडच्या वाडीत कसं लागतं?"

पलीकडच्या एका वाडीतलं बावखल काही वर्षांपूर्वी बुजलं. त्यांची विहीर होळीनंतर मचूळ होते. प्यायला नळाचं पाणी आहे, पण मोगऱ्याला खारं पाणी चालत नाही. त्यांचा मोगरा गेला. एका विहिरीवरून सगळं सिद्ध होतं असं नाही, पण आमच्या घरात मोगऱ्याचा हिशेब मधलीच्या हातात असतो. टोपली तिच्याच डोक्यावर. तिने ते फोटो दोनदा पाहिले आणि काही न बोलता उठून गेली.

रात्री आईंनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. त्यांनी भांडण सोडवलं नाही, आठवण सांगितली. चाळीस वर्षांपूर्वी इथल्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून नव्या इमारतींना जाऊ लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. हिंदू, ख्रिस्ती, वाडवळ, कुपारी सगळे रस्त्यावर आले. आईही गेल्या होत्या मोर्चाला, कडेवर धाकट्या दिरांना घेऊन. त्या म्हणाल्या, "तेव्हा बाहेरचा माणूस पाणी नेत होता, म्हणून ओरडता आलं. आता घरचाच बुजवतोय, तर ओरडू कुणावर?" आणि मग 2018 च्या जुलैची आठवण काढली. वसई-नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी, गाड्या बंद, मिठागरात माणसं अडकलेली. आमच्या ओट्याच्या वरच्या पायरीपर्यंत पाणी आलं आणि थांबलं. ते पाणी उतरलं कुठे? याच खड्ड्यात.

दीर म्हणाले, "मग पोराने राहायचं कुठे, ते सांगा." प्रश्न बरोबरच होता. उत्तर मधलीनेच दिलं. म्हणाली, "गोठा." आता एकच गाय आहे, तिला छपराखाली कडेला जागा होईल. गोठ्याच्या जागेवर दोन खोल्या निघतात. चार नाही, दोनच. मुलाला आवडलं नाही. अजूनही पूर्ण आवडलेलं नाही. होणारी सून येऊन जागा बघून गेली, म्हणाली, "खिडकी बावखलाकडे ठेवा, वारा येईल." त्यावर तो गप्प झाला.

हे सगळं गोड संपलं असं समजू नका. बावखल भावाभावांच्या सामाईक नावावर आहे. पुढच्या वाटणीत काय होईल, कागदावर अजून काही लिहिलेलं नाही. आज बुजवलं नाही, एवढंच. पण त्या वैशाखात आम्ही गाळ काढला. बारा-तेरा माणसं, घमेली, दोन दिवस. गाळ केळींच्या बुंध्यांना घातला. डासांसाठी आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडले. नातवंडांसाठी पायऱ्यांच्या तोंडाशी बांबूचं फाटक केलं. गाळात काय सापडलं ठाऊक आहे? रहाटाचा एक डबा. गंजून चाळण झालेला. आईंनी तो मांडीवर घेतला आणि बोटाचा व्रण त्याच्या कडेला लावून पाहिला. त्या दिवशीचा फोटो तोच.

मैत्रिणींनो, आम्ही काही फोटो काढणाऱ्या नाही. निम्म्या फोटोंत बोट आलंय, काही तिरके आहेत. पण वर्षभर रोज एक काढल्यावर दोन गोष्टी कळल्या, त्या तुम्हाला सांगून थांबतो.

एक. फोटोबरोबर दोन ओळी लिहा. तारीख, जागा, आणि त्या दिवशी काय झालं ते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा. हात कुणाचा, व्रण कशाचा, चाक कशाचं. ती माणसं आहेत तोवरच ही उत्तरं मिळतात. आमच्याकडे सासऱ्यांचे जुने फोटो पेटीभर आहेत, आणि त्यातल्या निम्म्या माणसांची नावं आता आईंनाही आठवत नाहीत.

दोन. तुमच्या वाडीत, गावात बावखल असेल, विहीर असेल, तर महिन्यातून एकदा एकाच जागी उभं राहून तिचा फोटो काढा. पायरी मोजा, दगड मोजा, काहीही खूण धरा. घरात बुजवण्याचा विषय निघेल तेव्हा तुमचं म्हणणं कुणी ऐकेल न ऐकेल, पण तारखेवार मांडलेलं पाणी बघावं लागतं. आणि घरातल्या ज्या बाईला जागेची खरी अडचण आहे, तिला वाईट ठरवू नका. आमच्या घरात वाट तिनेच काढली.

आता पुन्हा पाऊस आलाय. आज सकाळचा फोटो मधलीने काढला. नव्या खोलीच्या पायाचे दगड, आणि मागे बावखल. आठव्या पायरीवर पाणी चढलंय. तीन बुडाल्या, आठ राहिल्या.

चला, उद्या खुडायला उठायचंय. नमस्कार.